जुलाबाचं औषध

मुलगी सहाव्या वर्षात होती तेव्हा तिची चड्डी दिवसातून तीन-चार वेळा भरायला लागली. पातळ, चिखलासारखं, आणि वास असा की उंबऱ्यातून कळायचं. तिला स्वतःला पत्ता नसायचा. सागरगोटे खेळत बसलेली असायची आणि मांडीवरून ओघळ आलेला असायचा. मी ओरडले की म्हणायची, "मी नाही केलं." मग मी मारायची. घाण केली म्हणून एक आणि खोटं बोलते म्हणून एक. ती खोटं बोलत नव्हती हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही दुसऱ्यानं सांगितल्यावर.

आम्ही पंचवटीत दोन खोल्यांत राहत होतो. आणीबाणीच्या आधीचं वर्ष. नवरा सातपूरला एका कारखान्यात होता, सायकलनं जायचा यायचा. घरात सासू, तो, मी आणि ही एकच मुलगी. सासू निफाडकडच्या खेड्यातली. बाळंतिणीच्या घरी जाऊन तान्ह्या पोरांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम ती करायची. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर पालथी पडून मोठी झालेली. त्यामुळे कुणाचं पोट दुखलं, कुणाचं पोर किरकिरलं, की बाया आधी आमच्या दारात. तिनं सांगितलं ते खरं. मी सांगितलं तर हसायच्या, "कालची आलेली," म्हणून. मला येऊन आठ वर्षं झाली होती.

सासूनं मुलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "जुलाब लागल्यात. दुसरं काय नाय."

झालं. मग जायफळ उगाळून चाटण. डाळिंबाची साल उकळून तिचं कडू पाणी. दूध बंद, भाजी बंद, नुसता भात आणि केळं. मीच ते सगळं केलं, सासूनं नुसतं सांगितलं. दोन महिने हे चाललं आणि पोरगी काटकी झाली. पाय वाळलेले आणि पोट तेवढं पुढे. सासू म्हणायची, "जुलाबानं वाळली. सालीचं पाणी वाढव."

एक गोष्ट घरात कुणीच विचारली नाही. पोरीला नीट, कडक अशी परसाकडे शेवटची कधी झाली? मी विचारायला हवं होतं, पण मी तरी कशाला विचारते? रोज चार चड्ड्या धुणाऱ्या बाईला असला प्रश्न सुचत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला अकरा घरांत मिळून तीन संडास होते. एकाचं दार गेलेलं, दुसऱ्याला कडी नाही. पोरगी टमरेल घेऊन जायची आणि परत यायची. जाऊन करते काय, हे बघायला मी आत जात नव्हते.

शाळा नगरपालिकेची, दुपारची. पहिलीच्या बाईंनी एक दिवस मला बोलावून घेतलं. दारातच उभं ठेवलं.

"हिला घरी ठेवा. पोरं नाक धरून बसतात. हिला काय म्हणतात माहीत आहे का तुम्हाला?"

माहीत होतं. हगरी म्हणायचे. पोरीनं मला सांगितलं नव्हतं, शेजारच्या पोरानं हसत हसत सांगितलं होतं.

"किती दिवस ठेवू?" मी विचारलं.

"मला काय विचारता? बरी झाली की पुढच्या वर्षी बघू."

सासूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. राहू दे घरात. शाळा शिकून काय दिवा लावणार हाय?"

मी स्वतः चौथी झाले होते. पाचवीची शाळा लांब होती, तेव्हा माझा बापसुद्धा म्हणाला होता, पुढच्या वर्षी बघू. माझं ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही. त्यामुळे बाईंचं वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पोरीवर फार माया होती असं मी म्हणणार नाही, त्या दिवसांत तर मला तिचा संतापच यायचा. पण हिचं पुढचं वर्ष मी होऊ देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सासू न्हाऊ घालायला गेली तेव्हा मी पोरीला घेऊन पूल ओलांडला आणि नदीपलीकडच्या एका डॉक्टरकडे गेले. म्हातारा होता, तिरसट. पोरीला झोपवलं, पोट दाबलं. मग माझा हात धरून तिच्या बेंबीखाली दाबला.

"काय लागतंय?"

हाताला खडे लागले. पोत्यात बटाटे असावेत तसे.

"ही घाण आहे," तो म्हणाला. "किती दिवसांची देव जाणे. आत बूच बसलंय. वरचं पातळ त्याच्या कडेनं गळतं. हिला कळत नाही, आणि आवरताही येत नाही. हिला जुलाब द्यायला पाहिजे."

"डॉक्टर, जुलाबच तर होताहेत!"

"बाई, त्याला जुलाब म्हणत नाहीत. ही बद्धकोष्ठाची पोरगी आहे. काय काय दिलंत आतापर्यंत?"

मी सांगितलं. जायफळ, साल, केळं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "शाबास! बुचावर लाख लावलीत."

मग त्यानं पोरीलाच विचारलं, संडासला का जात नाहीस म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानं मला बाहेर काढलं आणि परत विचारलं. मला नंतर त्यानं सांगितलं. कडी नसलेल्या संडासात एकदा ती बसलेली असताना एका बाईनं दार ढकललं आणि ती बाई ओरडली होती, "आटप की गं, काय अंडी घालते?" बाहेरच्या सगळ्या हसल्या. तेव्हापासून ती दाबून धरायला लागली. दाबलं की कडक होतं, कडक झालं की फाटतं, रक्त येतं, मग भीतीनं आणखी दाबायचं. ती बाई कोण हे मला माहीत होतं. तिच्याशी मी आजतागायत बोललेली नाही. ती मेली तेव्हाही गेले नाही.

डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली. दुधासारखं पांढरं औषध, रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे. "पोट मोकळं झालं म्हणून थांबवू नका," तो म्हणाला. "तीन महिने द्यायचं. आतडं ताणून ढिलं पडलंय, जागेवर यायला वेळ लागतो. आणि जेवणानंतर दहा मिनिटं बसवायचं. ओरडायचं नाही."

घरी आल्यावर रणकंदन झालं.

"गळतंय त्या मडक्याला आणखी भोक पाडायलीस?" सासू ओरडली. "जुलाब लागलेल्या पोरीला जुलाब देती? मारून टाकायचीय का तिला?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"डाक्टरनं किती पोरं न्हाऊ घातली? इचार त्याला जाऊन!"

मी ऐकलं नाही. मोरीत दोन विटा ठेवल्या, खाली वर्तमानपत्र, समोर साडीचा पडदा. सकाळी दोन चमचे. पोरगी तोंड वेडंवाकडं करायची, म्हणायची, "चुन्यासारखं लागतं." पण घ्यायची. चौथ्या दिवशी बूच हललं. तिला घाम फुटला, माझा दंड नखांनी ओरबाडला, आणि वर्तमानपत्रावर जे पडलं ते मोठ्या माणसालाही झालं नसतं. मी ते सासूला दाखवायला बोलावलं. ती आली नाही.

पुढे पंधरा दिवस बरे गेले. मग बाटली संपली.

चिठ्ठी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात होती आणि शर्ट मी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेऊन धुतला होता. हा गाढवपणा माझा. रिकामी बाटली दाखवावी, तर सासूनं ती धुऊन, लेबल काढून, तान्ह्या पोरांसाठी त्यात तिळाचं तेल भरलं होतं. मी नवऱ्याला म्हणाले, "येताना पोरीचं जुलाबाचं औषध आणा. पांढरं, दुधासारखं."

त्यानं आणलं. बाटली तशीच, औषध पांढरं, घट्ट. लेबल इंग्रजीत. मी चौथी, तो सातवी, इंग्रजी दोघांच्या बापाला येत नव्हतं.

सकाळी पहिला चमचा तोंडात गेल्यावर पोरगी म्हणाली, "हे ते नाही."

"तेच आहे. गीळ."

"ते चुन्यासारखं होतं. हे मातीसारखं लागतं."

"नखरे करू नकोस."

तिनं थुंकलं. मी एक ठेवून दिली, नाक दाबलं, तोंड उघडलं की ओतलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पोरगी रोज सांगायची, हे मातीसारखं आहे. मी रोज नाक दाबायची. मला वाटत होतं मी मोठं काम करतेय. डॉक्टरनं थांबवू नका म्हटलं होतं ना, मी थांबवत नव्हते.

चड्डी कोरडी राहायला लागली. सासू गल्लीभर सांगत सुटली, "थांबलं बघा. माझं सालीचं पाणीच शेवटी लागू पडलं." मलाही बरं वाटलं. मोरीतल्या विटा कोरड्या आहेत याचा अर्थ मला लागला नाही.

सातव्या दिवशी पोरीनं जेवलेलं सगळं ओकून टाकलं. पोट ढोलकीसारखं ताणलेलं, हात लावू देईना. मी तिला काखेत घेऊन पूल पार केला. बाटली बरोबर घेतली होती.

डॉक्टरनं लेबल वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. सासूसमोरही मी कधी खाली घातली नव्हती.

"हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. जुलाबाचं औषध."

"हे जुलाब थांबवायचं आहे! मी व्हायचं दिलं होतं!"

मग एनिमा. नर्सनं पाय धरले, मी हात धरले. पोरगी ओरडत होती ते शब्द मला अजून पाठ आहेत. आई गं म्हणत नव्हती. "मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं," एवढंच म्हणत होती.

परत येताना मी औषधाच्या दुकानात गेले, ज्यानं बाटली दिली त्याच्याकडे. तो म्हणाला, "ताई, मालकांनी जुलाबाचं मागितलं, मी जुलाबाचं दिलं."

"व्हायचं की थांबायचं, एवढं विचारायला तुमचं तोंड दुखत होतं?"

"जुलाबाचं म्हटलं की थांबवायचंच देतात. पैसे देऊन कोण जुलाब विकत घेतं?"

दुकानातली चार माणसं हसली. मी बाटली त्याच्या काउंटरवर उलटी करून आले.

नवरा कामावरून आला तेव्हा त्याच्यावर तुटून पडले. "एक शब्द नीट बोलता येत नाही तुम्हाला?"

तो जेवत होता. घास खाली ठेवून म्हणाला, "तू काय म्हणून पाठवलंस मला? आठव. जुलाबाचं औषध आणा, हेच म्हणालीस ना? मी तेच म्हणालो."

मी तेच म्हणाले होते. उठून मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी खरं औषध घरात आलं. नवी चिठ्ठी डॉक्टरकडून दोन वेळा लिहून घेतली होती, एक डब्यात ठेवली. बाटलीवर मी कागद चिकटवून माझ्या अक्षरात लिहिलं, "व्हायचं." पण पोरीनं तोंड उघडलं नाही. दात गच्च. नाक दाबलं तर दातांतून श्वास घ्यायला शिकली होती. गुळात घालून दिलं, गूळ थुंकला. बोट घालायला गेले तर चावली, डाव्या तर्जनीवर तो वण आहे. मी सासूला म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या हातून घेईल ती. तुम्ही द्या."

"मी नाय. उद्या पोरगी मेली तर माझ्या माथी मारशील. तुझी पोर, तुझं औषध, तूच निस्तर."

तीन दिवस पोटात औषध गेलं नाही. डॉक्टरनं बजावलं होतं, परत बूच बसलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. आणि शाळेच्या बाई मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, महिनाभरात आली नाही तर नाव कमी करावं लागेल. चौथ्या सकाळी मी चमचा भरला आणि तिच्यासमोर बसले. मारायचं अंगात उरलं नव्हतं.

"काय केलं म्हणजे घेशील?"

तिनं बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आधी तू पी."

मी दोन चमचे प्यायले. चुना. खरंच चुन्यासारखं लागतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "गिळलं? आ कर." मी आ केला. तिनं जीभसुद्धा उचलायला लावली. मग तिनं चमचा स्वतःच्या हातात घेतला, जिभेच्या टोकाला लावून बघितला, आणि प्यायली.

दुसऱ्या दिवशी परत, "आधी तू." तिसऱ्या दिवशी परत. माझं पोट चांगलं होतं, मला असल्या औषधाची काही गरज नव्हती. दहा वाजले की टमरेल घेऊन मी गल्लीच्या टोकाला धावायची आणि ती मोरीतल्या विटांवर बसायची. गल्लीतल्या बाया विचारायला लागल्या. सासू दारात बसून त्यांना सांगायची, "मायलेकी एकाच वाटेला लागल्यात. आता मलाबी पाजतील." दुसऱ्याच एका बाईनं संडासाचं दार वाजवून मला म्हटलं, "आटप की गं!" मी आतून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मात्र त्या दिवशी पोरीचं काय झालं असेल ते मला कळलं. संध्याकाळी मी नवऱ्याला कडी आणायला लावली आणि सुताराची वाट न बघता दगडानं खिळे ठोकून ती स्वतः बसवली.

मी पोरीची माफी मागितली नाही. आयांनी मागायची पद्धत नव्हती, आणि मला जमलंही नसतं. मी रोज दोन चमचे पीत होते, तेवढंच. विटांवर ती बसली की मी पडद्याच्या अलीकडे पाठ करून तांदूळ निवडायची. ती आतून दरडावायची, "बघू नकोस." मी म्हणायची, "कोण बघतंय तुझं!"

चड्डी ओळीनं अठरा दिवस स्वच्छ राहिली तेव्हा मी तिला शाळेत घेऊन गेले. बाईंनी दारातच अडवलं.

"पुन्हा झालं तर?"

"पुन्हा झालं तर मला बोलवा. मी येऊन पुसते. पण नाव कमी केलंत तर मी रोज येऊन दारात बसेन."

त्यांनी तिला दाराजवळ, सगळ्यांपासून लांब बसवलं. पोरं हगरी म्हणतच होती. तिनं पहिल्याच आठवड्यात एकाच्या पाठीत पाटी घातली. बाईंनी मला परत बोलावलं. मी गेले नाही.

औषध पुढे दोन महिने चाललं. रोज दोन चमचे मला, दोन चमचे तिला, एकाच बाटलीतून, आणि रोज आ करून दाखवायचं. बाटली लवकर संपते म्हणून नवरा कुरकुरायचा. मी म्हणायची, तुमच्या जिभेचा दंड आहे हा. तो म्हणायचा, तुझ्या.

मग एक दिवस शाळेत परीक्षा होती, म्हणून सकाळी लवकर जायचं होतं. मी नेहमीसारखा माझा चमचा भरला. तोंडाजवळ नेला तोवर तिनं माझ्या हातातून तो ओढून घेतला, घटकन प्यायली, दुसरा स्वतः भरून प्यायली, तोंड फ्रॉकला पुसलं आणि म्हणाली, "वेणी घाल ना पटकन, उशीर होतोय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती वैतागून म्हणाली, "आता काय?"

काही नाही म्हटलं. वेणी घातली, जरा घट्टच. ती गेल्यावर बाटलीला बूच लावलं आणि फळीवर ठेवली. त्या दिवशी दहा वाजता मला कुठं धावावं लागलं नाही.